जेसीबी हे एका माणसाचं नाव आहे : बॅमफर्ड घराण्याची गोष्ट

ग्रीसगन

दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा शेजारचं सहावीतलं पोरगं शेडात आलं आणि म्हणालं दादा, जेसीबीचा फुलफॉर्म काय, सरांनी विचारलाय. शेडात आम्ही चौघं बसलेलो, सगळे मशीनवाले, आणि मी जोसेफ सिरिल बॅमफर्ड असं सांगितल्यावर बाकीचे तिघं माझ्याकडंच बघायला लागले की हे कसलं फुलफॉर्म, हे तर माणसाचं नाव झालं. हो, माणसाचंच नाव आहे. त्या दिवशी ठरवलं की यावर धागा काढायचा, कारण ज्या मशीनवर आमच्या घराची चूल पेटली त्याच्या मागच्या घराची गोष्ट आपल्या भाषेत नीट कुठं लिहिलेली मला तरी सापडली नाही.

थोडी माझी ओळख. आमचं गाव सांगोल्याकडं. वडलांनी २००८ ला सेकंडहँड थ्रीडी (जेसीबीचं मॉडेल) घेतलं, त्याआधी ते दुसऱ्याच्या मशीनवर ऑपरेटर होते. मी बारावीपासून सुट्टीत हेल्पर म्हणून ग्रीस मारायचो, म्हणून हा आयडी.

आता मूळ गोष्ट. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात उटॉक्सिटर नावाचं छोटं बाजाराचं गाव आहे. तिथं बॅमफर्ड घराण्याची शेती अवजारांची जुनी कंपनी होती, १८७१ पासूनची, गवत कापायची यंत्रं वगैरे करायचे आणि ती लांब लांबच्या देशात जायची. जोसेफ हा त्याच घरातला, जन्म १९१६ चा. युद्धात हवाई दलात होता, परत आल्यावर घरच्या कंपनीत गेला पण तिथं त्याचं आणि काकाचं जमलं नाही, काकानं त्याला कामावरून काढलं. घरच्या माणसानं घरच्या धंद्यातून बाहेर काढणं काय असतं हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल.

मग त्यानं गावातच एक गॅरेज भाड्यानं घेतलं, आठवड्याला ३० शिलिंग भाडं. एक वापरलेला वेल्डिंग सेट १ पौंडाला घेतला. तारीख २३ ऑक्टोबर १९४५. आणि त्याच दिवशी त्याला मुलगा झाला, अँथनी. म्हणजे कंपनी आणि पोरगा एका दिवसाचे, आणि पुढं तीस वर्षांनी कंपनी त्याच पोराच्या हातात गेली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा तपासलं.

पहिलं मशीन म्हणजे खोदायचं मशीन नव्हतंच. ट्रॅक्टरमागं लावायचा डंपिंग ट्रेलर होता. नुकतं युद्ध संपलेलं, नवीन लोखंड मिळत नव्हतं, म्हणून त्यानं युद्धातलं उरलेलं सामान गोळा केलं, बॉम्बपासून वाचायला जे शेल्टर बांधलेले त्यांचे पत्रे, जुन्या जीपचे अ‍ॅक्सल, आणि त्यातून ट्रेलर जोडला. बाजाराच्या दिवशी तो ४५ पौंडाला विकला आणि वर गिऱ्हाइकाची जुनी गाडी बदल्यात घेतली, ती डागडुजी करून परत ४५ पौंडालाच विकली. आमच्याकडं जुनी ट्रॉली घासून रंगवून विकणारे फॅब्रिकेशनवाले आहेत ते ही गोष्ट ऐकून नक्की म्हणतील हा आमच्यातलाच.

रविवारीपण ठोकाठोकी चालायची. घरमालकिणीला ते पसंत नव्हतं. १९४७ ला जवळच्या एका मोठ्या वाड्याच्या तबेल्यात धंदा हलवला आणि १९५० ला रोस्टर नावाच्या खेड्यात, तिथं चीजचा एक जुना कारखाना रिकामा पडलेला होता तो घेतला. कंपनीचं मुख्य ठाणं आजपण त्याच रोस्टरमध्ये आहे.

आता मला ज्याच्यासाठी हा धागा लिहावासा वाटला ते. या माणसाचं डोकं सारखं एकाच जागी होतं, की अंगावर उचलायचं काम कमी कसं करायचं. युद्धानंतर शेतात माणसं कमी आणि ट्रॅक्टर वाढलेले, पण ट्रॅक्टर नुसता ओढायचा, भरणं उतरवणं सगळं फावड्यानं आणि काट्यानं. १९४८ ला त्यानं हायड्रॉलिक ट्रेलर काढला, युरोपातला पहिला. त्या वेळी त्याच्याकडं सहा माणसं कामाला होती फक्त. १९४९ ला ट्रॅक्टरच्या पुढं बसवायचा लोडर काढला, फोर्डसन मेजर ट्रॅक्टरसाठी, म्हणून नाव मेजर लोडर. म्हणजे पुढचं खोरं आधी आलं, मागचं नंतर.

मागचं कसं आलं तेपण सांगतो. ट्रेलर विकायला तो नॉर्वेला गेलेला, तिथं ट्रॅक्टरला मागं जोडलेलं एक हलकं खोदायचं अवजार बघितलं. परत येऊन डोकं चालवलं आणि १९५३ ला मागं खोदायचं आणि पुढं भरायचं असं दोन्ही एका ट्रॅक्टरवर बसवलं. एकच माणूस, एकच इंजिन, सीट फिरवली की दुसरं काम. आज गावात चारी खोदून तोच ऑपरेटर उठून वळतो आणि पुढच्या बकेटनं माती ढकलतो ना, ते सगळं तिथून आलंय. जेसीबी ही तीन अक्षरं मशीनवर लागली तीपण १९५३ लाच.

(दमलो. चहा घेऊन पुढं टाकतो.)

साळुंकी

वाचतेय दादा, पुढं लवकर टाका. आमच्या सासऱ्यांची विहीर यारीनं खोदलेली, १९९० च्या आसपास, वर क्रेन, दोरावर बादली, खाली सुरुंग. त्यानंतर गावात पहिल्यांदा जेसीबी आलं तेव्हा अख्खी शाळा बघायला गेलेली, मास्तरांनीच सोडलं होतं.

नांगरट

छान धागा. एक दुरुस्ती करू का, राग मानू नका. बॅकहो, म्हणजे मागचा खोदायचा हात, जेसीबीनं शोधला असं बरेच लोक लिहितात, तुम्ही तसं लिहिलं नाहीत ते बरं केलं. अमेरिकेत वेन-रॉय नावाचं ट्रॅक्टरला जोडायचं हायड्रॉलिक बॅकहो १९४० च्या दशकातच आलेलं होतं. बॅमफर्डचं श्रेय पुढचं लोडर आणि मागचं खोदणं एकत्र आणून ते युरोपात रुजवण्याचं आहे, आणि ते काही लहान नाही.

ग्रीसगन

नांगरट, राग कसला, अगदी बरोबर. शोध आणि सुधारणा यात फरक आहे आणि हा माणूस सुधारणेतला राजा होता. त्याचं ब्रीद होतं फ्रेंचमध्ये, अर्थ असा की कधीच समाधानी नाही.

साळुंकीताई, यारीवर वेगळा धागा काढा खरंच, यारीवाले आता दिसायचे कमी झालेत.

तर पुढं. हायड्रॉलिक म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, इंजिन एक पंप फिरवतं, पंप तेल दाबतो, ते दाबलेलं तेल होज पाईपमधून सिलिंडरमध्ये जातं आणि आतला दांडा बाहेर ढकलतं. तेल दबून लहान होत नाही, म्हणून छोट्या लिव्हरला बोट लावलं की टनभर माती उचलली जाते. त्याआधी खोदायची मोठी यंत्रं तारेच्या दोरावर चालायची, ड्रम, क्लच, ब्रेक, चालवणाऱ्याचे हातपाय मोडून यायचे. आणि तेलाचं एकच दुखणं, सील गेलं की गळती. माझं अर्धं लहानपण त्या गळतीखाली डबा धरण्यात गेलंय.

मला या कंपनीतली सगळ्यात आवडती गोष्ट किटलीची आहे. पुढं एक मॉडेल आलं त्याच्या केबिनमध्ये त्यानं चहाच्या किटलीसाठी १२ व्होल्टचं सॉकेट दिलं, आणि पहिल्या शंभर गिऱ्हाइकांना किटली फुकट, आणि त्या तो स्वतः रोल्स रॉईसमधून नेऊन द्यायचा. लोक याला जाहिरात म्हणतात, असेलही, पण मला त्यात दुसरं दिसतं. मशीन विकत घेतो मालक आणि दिवसाचे दहा तास त्यात बसतो ऑपरेटर, आणि हा माणूस त्या बसणाऱ्याचा विचार करत होता, थंडीत पावसात उघड्या माळावर त्याला गरम चहा मिळाला पाहिजे. आमच्या वडलांच्या मशीनला पंखा होता छोटा, मे महिन्यात तो गरमच वारा फेकायचा, वडील डोक्याला ओला टॉवेल बांधून बसायचे. आता एसी केबिन आल्यात तर मालक लोक डिझेल जळतं म्हणून एसी लावू देत नाहीत ऑपरेटरला, त्यांनी ही किटलीची गोष्ट वाचावी असं फार वाटतं.

दुसरी गोष्ट १९६४ ची. धंदा चांगला झालेला, तर त्यानं कामगारांना अडीच लाख पौंड बोनस वाटला, शेतातल्या एका गाडीवर उभं राहून त्यानं ते सांगितलं. त्या काळातले अडीच लाख पौंड.

१९७५ ला तो बाजूला झाला, साठीच्या आतच, आणि अँथनी अध्यक्ष झाला. मुलानं १९७७ ला लोडॉल काढलं. हे आपल्याकडं फार दिसत नाही. लांब होणारा हात असतो, दुर्बिणीसारखा आतून आत सरकणारा, पुढं काटे किंवा बकेट. बांधकामावर विटा वरच्या मजल्यावर पोचवायला काढलं होतं पण शेतकऱ्यांनी ते उचलून धरलं, गवताच्या गंजी रचायला.

आणि ही कंपनी अजून घरचीच आहे. शेअर बाजारात नाही. २०१३ ला दहा लाखावं मशीन बाहेर पडलं.

चाकण स्टोअर्स

दादा लोडॉलचा विषय काढलात म्हणून लिहितो. मी चाकणला एका गोडाऊनमध्ये आहे, बारा वर्षं फोर्कलिफ्ट आणि मालाची चढउतार हेच बघतो. साध्या फोर्कलिफ्टला पुढं उभा मास्ट असतो, काटे सरळ वर जातात सरळ खाली येतात, म्हणून ट्रक दोन्ही बाजूंनी खाली करावा लागतो, एका बाजूचे पॅलेट काढायचे मग फोर्कलिफ्ट वळसा घालून पलीकडं. जागा नसली की रांग लागते. याच कंपनीनं १९९७ ला टेलिट्रक नावाचं फोर्कलिफ्ट काढलं, मास्टच काढून टाकला आणि बाजूला लोडॉलसारखा हात दिला, तो पुढं लांबतो, त्यामुळं ट्रकच्या पलीकडच्या बाजूचं पॅलेटसुद्धा अलीकडूनच उचलता येतं. आणि ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर मास्ट येत नाही. हा मास्टचा आडोसा म्हणजे काय ते फोर्कलिफ्टवाल्यालाच विचारा, आमच्याकडं एक पोरगा त्या आडोशात दिसला नाही म्हणून पाय गमावून बसला. कंपनीचं नाव नाही लिहीत. तेव्हापासून मी यार्डात पिवळे पट्टे स्वतः रंगवून घेतलेत, माणसांनी कुठून चालायचं आणि गाडीनं कुठून.

साळुंकी

वाईट वाटलं वाचून. आता तो मुलगा काय करतो?

चाकण स्टोअर्स

ताई, आमच्याकडंच गेटवर एंट्री बघतो. भरपाईसाठी दोन वर्षं फिरलो आम्ही त्याच्याबरोबर. मिळाली शेवटी.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडं खाणीवर सगळ्या चेनवाल्या मशीनला पोकलेन म्हणतात आणि टायरवाल्याला जेसीबी, घाटावरही तसंच असणार. तर पोकलेन हेही कंपनीचं नाव आहे आणि तीही घरगुती कंपनीच, फ्रान्समधली. जॉर्ज बताय नावाच्या माणसानं १९२७ मध्ये सुरू केली, तीही शेती अवजारांच्या वर्कशॉपमधूनच, आणि १९५१ मध्ये त्यांनी हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर (खोदायचं मशीन) काढला. भारतात लार्सन अँड टुब्रोनं त्यांच्या सहकार्यानं मशीन बनवली म्हणून ते नाव आपल्या तोंडी बसलं. पण १९७७ मध्ये अमेरिकेच्या केस कंपनीनं त्यांच्यात मोठा हिस्सा घेतला आणि हळूहळू एक्स्कॅव्हेटरवरून ते नाव गेलं. त्या नावाचं नवं एक्स्कॅव्हेटर आता येत नाही, आणि आमच्या खाणीवर मात्र कोणत्याही कंपनीचं मशीन आलं तरी ते पोकलेनच. मला याचं नेहमी वाईट वाटतं. एकाच काळात, एकाच कल्पनेवर उभी राहिलेली दोन घरं, आणि मशीनचा धंदा एकाच घराकडं राहिला.

ग्रीसगन

मांडवीकाठ, फार मोलाचं लिहिलंत. आणि बॅमफर्डचं जे मूळ घर होतं, काकाची कंपनी, तीही १९८० च्या दशकात बंद पडली. शंभर वर्षांपेक्षा जास्त चाललेली. ज्याला काढलं त्याची राहिली.

डर्बीकर

मी डर्बीत राहते, रोस्टर इथून गाडीनं पाऊणएक तासाच्या आत. दोनतीनदा गेलेय तिकडं. कारखाना म्हणून तुम्ही जे डोळ्यासमोर आणाल तसं नाहीच, भोवती तळी आहेत मोठी, बदकं हंस, हिरवळ, आणि मध्ये ती लांबलचक इमारत. आणि तिथं एक लोखंडी शिल्प आहे, फॉसर नावाचं, लॅटिनमध्ये खोदणारा. १९७९ चं, व्हॅलेंटी पिटेल या शिल्पकाराचं, सगळं मशीनच्या सुट्या भागांतून केलेलं, ३६ टनांचं आणि ४५ फूट उंच. माझे बाबा भारतातून आलेले तेव्हा त्यांना दाखवायला नेलं, ते आयुष्यभर पाटबंधारे खात्यात होते, ते त्या शिल्पाखाली उभे राहून एकेक भाग ओळखत होते, हा डिपर, हा बकेटचा दात. मला एकही ओळखू आला नाही.

२००६ चा विक्रमपण लिहा कुणीतरी, इथले लोक फार अभिमानानं सांगतात.

नांगरट

तो मी लिहितो. २००४ ला त्यांनी स्वतःचं डिझेल इंजिन बनवायला घेतलं, तोवर इंजिन बाहेरून घ्यायचे. आणि इंजिन किती दणकट आहे दाखवायला त्याच जातीची दोन इंजिनं लावून एक गाडी केली, डिझेलमॅक्स. ऑगस्ट २००६ ला अमेरिकेत बॉनेव्हिलच्या मिठागरावर अँडी ग्रीन या वैमानिकानं ती ताशी ३५०.०९२ मैलांनी पळवली, म्हणजे साधारण ५६३ किलोमीटर. खोदायच्या मशीनचं इंजिन! आता तेच लोक हायड्रोजनवर चालणारं इंजिन करतायत, बॅटरीवर मोठं मशीन दिवसभर चालत नाही हा त्यांचा मुद्दा आहे आणि माळावर चार्जिंग कुठून आणणार हे आपल्यालाही पटण्यासारखं आहे.

रानवाट

सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. याच मशीननं लोकांची घरं पाडली जातात, आणि बातमीत त्याला बुलडोझर म्हणतात पण फोटोत बघा, पिवळा बॅकहोच असतो. एप्रिल २०२२ मध्ये दिल्लीत जहांगीरपुरीला पाडापाडी झाली आणि दुसऱ्याच दिवशी ब्रिटनचे पंतप्रधान गुजरातमध्ये हालोलला याच कंपनीच्या नवीन कारखान्यात मशीनवर चढून फोटो काढत होते. कंपनीचा इतिहास लिहिताना हेही त्या इतिहासात आलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रीसगन

रानवाट, लिहिलंत ते चांगलं केलं, मी टाळलं होतं असं नाही पण मला कसं लिहायचं ते कळत नव्हतं. वडलांना एकदा असं काम आलेलं, तालुक्याच्या गावात टपऱ्या काढायचं, तासाचे पैसे दुप्पट मिळत होते. वडील मशीन घेऊन गेले, एका टपरीत अजून सामान होतं, बाई आत बसलेली. वडील मशीन बंद करून खाली उतरले आणि चावी खिशात घालून चालत घरी आले, पंधरा किलोमीटर. मशीन दुसऱ्या दिवशी आणलं. त्या महिन्याचा हप्ता चुकला आणि फायनान्सवाल्यांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. आई अजूनपण ही गोष्ट सांगताना रडते.

भारतातला भाग राहिलाय, तो सांगतो. १९७९ ला एस्कॉर्ट्सबरोबर भागीदारीत कंपनी इकडं आली, फरिदाबादजवळ बल्लभगडला कारखाना. एस्कॉर्ट्सपण तेव्हा घरच्यांचाच धंदा, नंदा कुटुंबाचा. मग २००३ ला जेसीबीनं पूर्ण ताबा घेतला. २००६ ला आपल्या तळेगावला कारखाना झाला, मग २०१४ ला जयपूर, मग ते हालोल. पुण्यात त्यांचं डिझाईन सेंटरपण आहे, म्हणजे रोस्टरमधल्या मशीनची चित्रं आपली मराठी पोरं काढतायत.

आमच्याकडं याचा काय फरक पडला ते सांगायचं तर २०१२-१३ चा दुष्काळ आठवा. चारा छावणीत जनावरं, टँकर. त्या उन्हाळ्यात वडलांनी रात्रंदिवस ओढे रुंद केले, गाळ काढला. नंतर शासनाची मागेल त्याला शेततळे योजना आली २०१६ ला. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, उतार धरून आत २१९६ घनमीटर जागा, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी. हे फावड्यानं खोदायचं म्हटलं तर गावातली निम्मी माणसं महिनाभर लावावी लागतील, मशीननं काही दिवसांत होतं. आणि हे मशीन साधारण १५ फूट खोल जातं म्हणून ३ मीटर तळ्याला बरोब्बर बसतं. आमच्या भागात डाळिंब टिकलं ते या तळ्यांवर, बाकी काही मला माहीत नाही.

साळुंकी

वडलांचं वाचून डोळ्यात पाणी आलं. नमस्कार सांगा त्यांना. मशीन अजून आहे का ते?

ग्रीसगन

सांगतो ताई. आहे. मीटर १४ हजार तासांच्या पुढं गेलंय, मग मीटरच बंद पडला. पंप दोनदा केला, बूमच्या पिन-बुश किती वेळा बदलले मोजलेलं नाही, मागचा उजवा जॅक (मशीन टेकवायचा पाय) रात्रीतून हळूहळू खाली बसतो म्हणून त्याखाली लाकडाचा ठोकळा लावून ठेवतो. नवीन घ्यायचं मी म्हणतोय पण वडील तयार नाहीत. धाकटा भाऊ चालवतो आता. वडील सकाळी सहाला उठून ग्रीस मारतात, कुणाला करू देत नाहीत.

नांगरट

जॅक बसतोय म्हणजे सिलिंडरमधलं सील गेलंय किंवा लॉक व्हॉल्व्ह धरत नाहीये. आधी व्हॉल्व्ह साफ करून बघा, कचरा अडकतो त्यात, सील किट नंतर. ठोकळ्यावर किती दिवस काढणार, खाली कुणाचा पाय आला तर?

ग्रीसगन

उद्याच बघायला सांगतो भावाला. व्हॉल्व्ह खोलताना बकेट जमिनीला टेकवून प्रेशर सोडायचं ना आधी?

नांगरट

हो, बकेट आणि दोन्ही जॅक जमिनीवर, इंजिन बंद, आणि मग सगळ्या लिव्हर दोनचार वेळा हलवून घ्या. गरम तेलाला हात लावू नका. फोटो टाका खोलल्यावर.